भूगोल घ्यावा का? आधी कालवा कुठून वळतो ते पाहा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बारावी सायन्सला आहेस, गणित घेतलं आहेस आणि पदवीला भूगोल घ्यायचं मनात आहे. बीए करू की बीएस्सी, कॉलेज कोणतं धरू, आणि 'भूगोल घेऊन शाळेत बाई होशील, त्याचीही भरती निघत नाही' असं म्हणणाऱ्या बाबांना काय सांगू, असं तू विचारलं आहेस. शेवटी जाता जाता एक वाक्य लिहिलंस: जत तालुक्यात आमच्या शेजारच्या गावात म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, आमच्याकडे अजून टँकर येतो, असं का ते कुणी नीट सांगत नाही. मी पंचवीस वर्षं पदवीच्या वर्गांना भूगोल शिकवते आहे, त्यातली बरीचशी सातारा-सांगलीकडे. वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी आहेस म्हणून अगं-तुगं करते. आणि सुरुवात तुझ्या त्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यावर ठरणार आहेत.

पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी दरवर्षी विचारते, भूगोल का घेतला? कुणी म्हणतं, सोपा आहे. कुणी म्हणतं, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतो. आणि काही मुलं असतात ज्यांना राजधान्या, नद्या, शिखरं सगळं तोंडपाठ असतं; नकाशा भरायला दिला की सगळ्यांच्या आधी यांचा पेपर पूर्ण. या तिसऱ्या मुलांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांना आवडलेली गोष्ट पहिल्या सहामाहीतच संपते. पदवीला कृष्णेच्या उपनद्या कोणत्या हे कुणी विचारत नाही. कृष्णा इथेच का वळली, सांगलीत पाणी का तुंबतं आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवर प्यायला पाणी का नसतं, हे विचारतात. पाठांतर आवडणाऱ्याला इथे कंटाळा येतो. 'हे इथेच का?' हा प्रश्न ज्याला सतावतो, त्याला इथे थारा मिळतो. तुला तो सतावतो आहे, हे तुझ्या वाक्यावरून दिसतं. पण एका वाक्यावर मी तुला तीन-चार वर्षं गुंतवायला सांगणार नाही. प्रवेशाआधी एक काम करून बघ.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे उतरवून घेता येतात. आम्ही त्यांना टोपोशीटच म्हणतो. तुझ्या गावाचं शीट शोध आणि मोठ्या कागदावर छापून आण. मोबाइलच्या पडद्यावर हे काम होत नाही. या नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. तपकिरी रेषा दिसतील त्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, आणि लगतच्या दोन रेषांमध्ये उंचीचा फरक २० मीटर. आधी तुझं गाव कोणत्या दोन रेषांमध्ये बसतं ते पेन्सिलीनं लिही. मग शेजारचं गाव. मग कालवा. शीट जुनं असेल तर कालवा त्यावर नसेल. अशा वेळी प्रत्यक्ष जाऊन ये, कुठल्या देवळाजवळून, कुठल्या ओढ्यावरून तो जातो ते पाहा आणि नकाशावर स्वतः काढ.

आता काय दिसतं बघ. म्हैसाळला कृष्णेचं पाणी पंपानं उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात आणि एका उंचीला आलं की कालव्यात सोडतात. पुढे ते आपल्या वजनानं वाहतं. म्हणून कालवा समोच्च रेषेला जवळजवळ धरून, अगदी थोडा उतार देत, वळणं घेत जातो. आपल्याला वाटतं तो उगाच वाकडा गेलाय. तो उंची सांभाळत गेलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाचं शिवार भिजतं. वरच्या अंगाला असलेल्या गावाला, ते हाकेच्या अंतरावर का असेना, पाणी हवं असेल तर आणखी एकदा उचलावं लागतं. तुझं गाव वरच्या अंगाला निघालं तर अर्धं उत्तर तुला घरबसल्या, पेन्सिलीनं मिळेल.

अर्धंच म्हणते आहे, कारण उरलेलं अर्धं समोच्च रेषेत नाही. पाणी उचलायला वीज लागते, विजेचं बिल कुणीतरी भरावं लागतं, जादा टप्प्याला मंजुरी आणि पैसा लागतो, आणि कुणाच्या गावासाठी कोण भांडलं यावरही बरंच ठरतं. २०२२ मध्ये जतच्या सीमेवरच्या गावांचा विषय सगळ्या वर्तमानपत्रांत होता. पाणी मिळत नसेल तर आम्ही कर्नाटकात जातो, इथपर्यंत ती गोष्ट गेली होती. उंचीचा प्रश्न बघता बघता राज्याच्या हद्दीचा प्रश्न होतो. उंचीचा भाग तो प्राकृतिक भूगोल, उरलेला तो मानवी भूगोल. पदवीत हे दोन वेगळे पेपर असतात, गावात मात्र एकाच नळाला दोन्ही येतात.

हे काम करायला तुला साधारण दोन रविवार लागतील. करताना वेळ कसा गेला हे कळलं नाही, तर पुढचं वाच. पहिल्याच दिवशी कागद गुंडाळून ठेवावासा वाटला, तर तेही कळलं हे चांगलं झालं. भूगोल वाचायला आवडणं आणि भूगोलाचं काम आवडणं वेगवेगळं असतं, आणि नुसतं वाचायला आवडत असेल तर पदवी दुसऱ्या विषयात करूनही आयुष्यभर वाचता येतं.

पदवीला नक्की काय करतात, ते कॉलेजच्या पत्रकातून कळत नाही म्हणून सांगते. भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, लोकसंख्या, शेती, वसाहती हे वर्गात बसून शिकायचं. त्याच्या जोडीला प्रॅक्टिकल: नकाशाशास्त्र, संख्याशास्त्र, सर्वेक्षण, उपग्रहाच्या प्रतिमा वाचणं आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं. आणि क्षेत्रभेट. या शेवटच्या दोन गोष्टींवर मी विद्यार्थ्याचं पुढचं आयुष्य ओळखते. डंपी लेव्हल, म्हणजे उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, लावताना बुडबुडा मधोमध येईपर्यंत तिन्ही स्क्रू फिरवत राहायचे, समोर मैत्रीण ऊन खात स्टाफ, म्हणजे मापाची उंच पट्टी, सरळ धरून उभी, वाचन घेतलं, लिहिलं, आणि शेवटी हिशेब दोन सेंटीमीटरनी चुकला की परत पहिल्या खुंटीपासून सुरुवात. कुणी चिडतं, कुणाला हीच गोडी लागते.

क्षेत्रभेटीचा एक प्रसंग सांगते. आम्ही माण तालुक्यात एका गावात घरोघरी पाहणी करत होतो. त्याआधी मुलांना महाबळेश्वर दाखवलं होतं: तिथे वर्षाला साधारण ६००० मिलिमीटर पाऊस, आणि सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर माणमध्ये ५०० च्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द सगळ्यांना पाठ होता. आमच्या छापील प्रश्नावलीत एक रकाना होता: एकूण शेतजमीन. माझ्या एका विद्यार्थिनीनं ओसरीवर बसलेल्या आजींना विचारलं, "आजी, शेती किती आहे?" आजींनी शेंगा निवडता निवडता उलट विचारलं, "कंची सांगू? हिरीखालची का माळाची?" विहिरीखाली पाऊण एकर होती आणि माळावर अकरा. रकाना एकच. मुलगी पेन धरून तशीच थांबली. 'पावणेबारा एकर' लिहिलं असतं तर कागदावर आजी बऱ्यापैकी बागायतदार झाल्या असत्या, आणि घर तर पाऊण एकरावर चाललं होतं. त्या रात्री मुक्कामाच्या शाळेत मुलांनी प्रश्नावली फाडून नवी केली: विहिरीचं किती, कालव्याचं किती, जिरायत किती, पडीक किती, आणि विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं. तो शेवटचा प्रश्न मलाही आधी सुचला नव्हता. त्या मुलीनं पुढे पाणलोटाच्या कामात नोकरी धरली, आणि अजून ती महिना विचारल्याशिवाय विहीर नोंदवत नाही.

आता बीए की बीएस्सी. हे बरंचसं तुझ्या परिस्थितीवर आहे. बीएला भूगोल जवळपास सगळीकडे मिळतो, बीएस्सीला मोजक्या कॉलेजांत, आणि तुझ्या जवळपास तो नसेल तर वसतिगृहाचा खर्च धरावा लागेल. बीएला सोबत अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र असे विषय येतात, माध्यम बऱ्याच ठिकाणी मराठी. बीएस्सीला विज्ञानाचे विषय सोबत येतात आणि प्राकृतिक भूगोलाकडे, तंत्राकडे कल जास्त असतो. तू सायन्सची आहेस आणि गणित आहे, तेव्हा बीएस्सी आवाक्यात असेल तर तीच घे, असं मी सांगेन. कारण अगदी व्यवहाराचं आहे: बीएस्सीवरून पुढे कलेच्या बाजूला जाता येतं, उलट येताना दारं कमी असतात. जिओइन्फर्मेटिक्सच्या (जीआयएस आणि उपग्रह प्रतिमांच्या) एमएस्सीला काही ठिकाणी विज्ञानाचीच पदवी मागतात.

आणि बीए घ्यावी लागली तरी रडत बसू नकोस. मी स्वतः बीए केलेलं आहे. माझं चुकलं ते वेगळ्या ठिकाणी: दहावीनंतर गणित सुटलं आणि सुटलं म्हणून मी खूश होते. एमएला सहसंबंध आणि प्रतिगमन, म्हणजे दोन गोष्टींचं नातं आकड्यांत मोजणं, आलं तेव्हा सूत्रं पाठ करून पास झाले, पण संशोधनाला बसले तेव्हा स्वतःच्या आकड्यांचा अर्थ स्वतःला लागेना. दोन वर्षं मागे जाऊन संख्याशास्त्र शिकले. तुझं गणित आज हातात आहे. बीए असो की बीएस्सी, ते सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम, विषय घ्यायचा असतो. तिथे संख्याशास्त्र, संगणक, अर्थशास्त्र किंवा भूशास्त्र यातलं जे मिळेल ते धर. पदवी तीन वर्षांनी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, आणि मग पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचं होतं. हा निर्णय आज घ्यायचा नाही, तिसऱ्या वर्षी घे.

कॉलेजबद्दल तू नाव विचारलं आहेस. मी नाव सांगणार नाही, कसं पाहायचं ते सांगते. एकदा बाहेरची परीक्षक म्हणून एका कॉलेजात गेले होते. पस्तीस जर्नलं तपासली, पस्तीसांमध्ये सर्वेक्षणाचे आकडे एकच. लेव्हल दाखवा म्हटलं तर पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते कळेना. त्या मुलांची यात काही चूक नव्हती. त्यांनी ते यंत्र पाहिलेलंच नव्हतं. म्हणून प्रवेशाआधी बाबांना घेऊन विभागात जा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. गेल्या वर्षी क्षेत्रभेट कुठे गेली, किती दिवस, आणि तिथे तुम्ही काय मोजलंत, हे विचार. 'महाबळेश्वरला पॉइंट पाहिले' असं उत्तर आलं तर ती सहल होती. प्रकल्प कशावर केला ते विचार. संगणकावर क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर किंवा तत्सम काही खरंच चालवतात का ते पाहा. कायम शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती, हेही विचार. तासिका तत्त्वावरचे कित्येक शिक्षक अतिशय मनापासून शिकवतात, पण दरवर्षी माणसं बदलली तर क्षेत्रभेट आणि प्रकल्प यांना हमखास फटका बसतो. एवढं पाहिलंस की नावाजलेलं कॉलेज आणि चांगलं कॉलेज यातला फरक तुझा तुलाच कळेल. मुली मुक्कामी क्षेत्रभेटीला जातात का, सोबत शिक्षिका असतात का, राहायची सोय कुठे होते, हे तुझ्या आईबाबांना विचारायचं असेलच. त्यांनी ते निःसंकोच विचारावं. चांगल्या विभागाकडे याचं सरळ उत्तर असतं.

पुढे मोठ्या ठिकाणी जायचं असेल तर वाटा आहेत. तुमच्या भागाला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ, तिथे भूगोलाचा पदव्युत्तर विभाग आहे. पुणे आणि मुंबई विद्यापीठांतही आहे. दिल्ली विद्यापीठात पदवीचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतात. दिल्लीच्याच जेएनयूमध्ये प्रादेशिक विकासाच्या अंगानं भूगोल शिकवतात, तुझ्या कालव्याच्या प्रश्नाला ते फार जवळचं आहे. इंग्रजी वाचायची सवय मात्र पहिल्या वर्षापासून लाव. परीक्षा मराठीतून दे, हरकत नाही, पण पुढचं बहुतेक वाचन इंग्रजीत आहे.

आता बाबांचा प्रश्न. त्यांची काळजी खोटी नाही, आणि तू तसं त्यांना म्हणूही नकोस. प्राध्यापक भरतीची वाट पाहत, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली माझी किती तरी मुलं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवत आहेत. 'भूगोलाला खूप स्कोप आहे' असं सांगणारे जे सांगत नाहीत, ते मी सांगते. भूमी अभिलेख खात्यातल्या भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणाऱ्याच्या, पदाला भूगोलाची पदवी चालत नाही. तिथे सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआय सर्व्हेअर लागतं. हवामान खात्यातल्या वैज्ञानिक साहाय्यक पदांच्या जाहिराती मी पाहत आले आहे, त्यात नुसता भूगोल पुरत नाही, पदवीला भौतिकशास्त्र किंवा संगणक-अभियांत्रिकीसारखं काही असावं लागतं. भूजलाच्या कामाला भूशास्त्रवाले घेतात. नावावरून जी खाती भूगोलाची वाटतात त्यातली बरीचशी भूगोलवाल्यांची नाहीत. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या वर्षानंतर धक्का बसत नाही, आणि मायनर कोणता घ्यावा हेही कळतं.

मग काम कुठे मिळतं? माझ्या विद्यार्थ्यांवरून सांगते. सगळ्यात जास्त मुलं जीआयएसमध्ये गेली, पुणे आणि हैदराबादकडे. सुरुवातीला बहुतेकांना डिजिटायझेशनचं काम मिळतं: दिवसभर पडद्यावर शेतांच्या, इमारतींच्या, रस्त्यांच्या कडा गिरवायच्या, पगार बेताचा. ज्यांना फक्त सॉफ्टवेअरची बटणं येत होती ती तिथेच राहिली. थोडं प्रोग्रॅमिंग, थोडं संख्याशास्त्र आणि जमीन वाचण्याची नजर ज्यांच्याकडे होती ती वर्षा-दोन वर्षांत विश्लेषणाच्या कामाला लागली. गिरवण्याचं काम यंत्राकडे जात चाललंय, म्हणून ही दुसरी बाजू आता जास्तच लागेल. काही जणी पाणलोट आणि ग्रामविकासाच्या संस्थांत आहेत. दोघं नगररचनेत गेली: एम. प्लॅनला बऱ्याच संस्था भूगोलाची पदव्युत्तर पदवी चालवून घेतात, हे फार कमी मुलांना माहीत असतं. बीएड करून शाळेत गेलेल्याही आहेत आणि आनंदात आहेत.

स्पर्धा परीक्षांविषयी थोडक्यात. यूपीएससीला भूगोल वैकल्पिक घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर. सामान्य अध्ययनातही भूगोल आहे. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे. उपयोग होतो, यात शंका नाही. पण केवळ त्यासाठी भूगोल घेऊ नकोस. परीक्षेत यश नाही आलं तर हातात एखादं कसब राहायला हवं, आणि नुसत्या नोट्स वाचून केलेल्या पदवीत ते राहत नाही.

तुला एवढ्या तपशिलात लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तीनही ठिकाणी पावसाळ्यात डोंगर खाली आला आणि झोपेतली, घरातली माणसं गेली. माळीणनंतर मी वर्गात तिथला नकाशा लावला होता. समोच्च रेषा दाट झालेल्या, खाली गाव. वर्गात कुणीच बोललं नाही. घसरण कधी होईल हे नकाशा सांगत नाही, पण कुठल्या उतारावर काळजी घ्यायला हवी हे सांगणारी माणसं प्रत्येक तालुक्यात असायला हवीत, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी उताराचा प्रश्न आहे, तुझ्याकडे पाण्याचा. दोन्हीकडे नकाशा घेऊन चालत जाणारी माणसं कमी आहेत.

पैशाची अडचण असेल तर एवढं कर: क्यूजीआयएस फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर उपग्रहाची चित्रं पाहता येतात. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था घरबसल्या करता येणारे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते आणि प्रमाणपत्र देते. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत यातला एक कर, बाहेर महागडा कोर्स लावायची घाई नको.

आणि बाबांना घेऊन त्या कालव्यावर जा. ते त्या मातीत वाढले आहेत. कुठल्या ओढ्याला कधी पाणी असायचं, विहीर किती हातांवर लागायची, कुठला माळ कधी नांगराखाली आला, हे त्यांना नकाशापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांना विचार, लिहून घे, आणि नकाशावर त्यांच्यासमोर त्या जागा शोध. तुझ्या गावाची उंची आणि कालव्याची उंची, हे दोन आकडे मिळाले की मला कळव. गाव कालव्याच्या खाली निघालं आणि तरीही पाणी नसेल, तर पुढे काय शोधायचं ते मी सांगेन. तो प्रश्न आणखी अवघड आहे आणि त्यासाठी तुला तलाठी कार्यालयापासून सुरुवात करावी लागेल.